कोळसा खाणीच्या ढिगाऱ्याचा उतार: सुरक्षा गुणांक १.४ पुरेसा आहे का?

स्थापत्य विद्यार्थी, सोलापूर: आपल्या जिल्ह्यात कोळसा नाही, तरी प्रकल्पासाठी मी यवतमाळ जिल्ह्यातील वणी भागातील खुल्या खाणीचा माती-दगडाचा ढिगारा निवडला आहे. कोरड्या नमुन्यांवरून सुरक्षा गुणांक (घसरण रोखणारे बल भागिले घसरवणारे बल) १.४ आला, तो ग्राह्य धरावा का?

निवृत्त खाण अभियंता: केवळ कोरड्या नमुन्यांवर मुळीच नाही. पावसाळ्यातील छिद्रजलदाब (मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब) धरून गणित पुन्हा करावे. वेल्समधील अबरफान येथे झऱ्यावर रचलेला ढिगारा १९६६ मध्ये पाण्याने भिजून घसरला आणि १४४ जण मृत्युमुखी पडले. पायाची जमीनही तपासावी, कारण वणीकडेही आपल्यासारखीच काळी माती आढळते, जी भिजल्यावर तिची कर्तनशक्ती (घसरणीला विरोध करण्याची ताकद) झपाट्याने घटते आणि घसरण वर्तुळाकार न राहता पायातील कमकुवत थरातून जवळजवळ सपाट होते. अशा वेळी फक्त वर्तुळाकार पृष्ठ तपासणारी पद्धत फसवा, मोठा गुणांक देते.

मृदा प्रयोगशाळा, सोलापूर: सहमत. एक भर घालतो: लहान पेटीतील कर्तन चाचणीत मोठे दगड वगळावे लागतात, त्यामुळे घर्षणकोन (कणांमधील घर्षण दाखवणारा कोन) नेमका कोणत्या आकाराच्या कणांवर मोजला, हे अहवालात अवश्य नोंदवावे.

स्थापत्य विद्यार्थी, सोलापूर: आभारी आहे. पायाच्या मातीचे नमुने संपृक्त करून (पाण्याने पूर्ण भिजवून) चाचणी घेतो.