एलियसने सर्व्हर चालू होतो, पण ब्राउझर उघडत नाही (उबुंटू, बॅश)

मंडळी, मदत हवी आहे.

वेबसाइटची चार-पाच कामं एकाच वेळी चालू असतात. रोज तेच: टर्मिनल उघडा, सीडी करून फोल्डरमध्ये जा, व्हीएस कोड (एडिटर) उघडा, डेव्ह सर्व्हर चालू करायला 'एनपीएम रन डेव्ह' मारा, मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ५१७३ (आपल्याच मशीनवरचा पत्ता, ५१७३ हा पोर्ट). कंटाळून बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना बॅश वाचतो ती फाइल) 'काम' नावाचा एलियस, म्हणजे लांब कमांडचं छोटं नाव, केला. वरच्या सगळ्या कमांड आणि शेवटी ब्राउझरमध्ये पत्ता उघडणारं एक्सडीजी-ओपन, असं && ने जोडलंय.

एडिटर उघडतो, सर्व्हर चालू होतो, पुढे ठप्प. एररही नाही. तोच एक्सडीजी-ओपन दुसऱ्या टर्मिनलमध्ये दिला की टॅब लगेच उघडतो.

शिवाय 'काम दुकान' लिहिलं की 'दुकान' फोल्डर उघडावा असं हवंय. एलियसमध्ये $1 (कमांडनंतर लिहिलेला पहिला शब्द) घातलं, तर व्हीएस कोडमध्ये सगळे प्रोजेक्ट एकदम उघडले! जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
&& म्हणजे आधीची कमांड नीट संपली तरच पुढची. डेव्ह सर्व्हर तुम्ही बंद करेपर्यंत संपतच नाही, मग ब्राउझरची पाळी येणार कुठून? एनपीएमच्या ओळीनंतर एकच & द्या, सर्व्हर मागे चालू राहील.

प्रतिसाद २
एका & ने भागेल, पण सर्व्हर तयार व्हायच्या आत टॅब उघडतो आणि पान सापडत नाही. मग लोक मध्ये 'स्लीप ३' (तीन सेकंद थांब) घालतात. जुगाड आहे, मला पटत नाही. ५१७३ म्हणजे तुमचा डेव्ह सर्व्हर व्हाइट (Vite) दिसतोय. त्यालाच सांगा: 'एनपीएम रन डेव्ह -- --ओपन'. मधले सुटे दोन डॅश विसरू नका, त्यांच्यामुळेच पुढचा पर्याय एनपीएम स्वतःकडे न ठेवता व्हाइटला देतो. आणखी एक फायदा म्हणजे ५१७३ अडलेला असला तर व्हाइट पुढचा पोर्ट घेतो आणि टॅबही तोच उघडतो. हाताने लिहिलेला पत्ता तिथे फसतो.

$1 चं म्हणाल तर एलियस फक्त शब्दाच्या जागी मजकूर ठेवतो, 'दुकान' पार शेवटी जाऊन चिकटतं. मधलं $1 रिकामंच, म्हणून सीडी वरच्या फोल्डरवर थांबलं. इथे फंक्शनच हवं. $1 दुहेरी अवतरणात ठेवा, फोल्डरच्या नावात स्पेस असली तरी चालेल. वेगळी स्क्रिप्ट करू नका. तिच्यातलं सीडी तिच्यापुरतंच, ती संपली की तुम्ही होतात तिथेच.

धागाकर्ता
खूप आभार! एलियसची ओळ पुसून त्याच नावाचं फंक्शन लिहिलं, सोर्स केलं (फाइल चालू टर्मिनलमध्ये परत वाचायला लावली), तर कंसापाशी सिंटॅक्स एरर. कंस तर बरोबर आहेत.

प्रतिसाद २
ओळ फाइलमधून गेली, पण चालू टर्मिनलमध्ये जुना एलियस अजून जिवंत आहे. फंक्शनचं नाव वाचतानाच बॅश त्याजागी एलियसचा मजकूर घालतो. 'अनएलियस काम' करून परत सोर्स करा, किंवा सरळ नवीन टर्मिनल उघडा.

धागाकर्ता
चाललं! आता डॉकरमधला डेटाबेसही यातच घालतो. अडलो तर याच धाग्यावर येईन.