आमच्या गावात मोठा मार्ट येतोय: तुमचे अनुभव लिहा (अनुभव धागा)

नमस्कार. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावातून लिहिते आहे. गावाचं नाव देत नाही, कारण प्रकरण अजून पंचायतीत आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी शाळेच्या मागच्या शेतात तांबड्या मातीचे ढीग दिसले. रात्रीत टिप्पर येऊन ओतून गेले होते. कोणी घर बांधत असेल असं वाटून आधी कोणी विचारलं नाही. मग चिऱ्यांचा कठडा उठला, मग पत्र्याचं कुंपण. महिनाभराने कळलं की एका मोठ्या कंपनीचा मार्ट येतोय. दोन मजले, खाली गाड्या लावायची सोय, रात्री अकरापर्यंत उघडा. पंचायतीत विचारलं तर "अजून अर्जच आलेला नाही" असं उत्तर मिळालं. आवक नोंदवही दाखवा म्हटलं, तेव्हा अर्जाची नोंद जानेवारीची निघाली.

ग्रामसभेला एरवी वीस माणसं जमत नाहीत. त्या रविवारी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती, लोक बाहेर व्हरांड्यात उभे. आमच्या वाड्यावरची एक आजी, जिने जन्मात माईक हातात धरलेला नाही, उठून एवढंच म्हणाली, "दुकान जाय जाल्यार घालात, पूण शेत कित्याक पुरतात?" (दुकान हवं तर घाला, पण शेत कशाला बुजवता?) ठराव मार्टच्या विरोधात झाला. माती मात्र अजून पडतेच आहे.

मी स्वतः म्हापशाला गेले की मोठ्या दुकानात शिरते. तेल, डाळ, साबण तिथे स्वस्त मिळतो, खोटं कशाला बोलू? तरी हा मार्ट गावात नको असं मला मनापासून वाटतं आणि का वाटतं ते चारचौघांत धड सांगता येत नाही. म्हणून हा धागा काढला. तुमच्या गावात असं काही घडलं असेल तर लिहा. विरोध केला असेल, केला नसेल, मार्ट आल्यावर पुढे काय झालं ते पाहिलं असेल, सगळं लिहा. मार्ट हवा असणाऱ्यांनीही लिहा.

किराणा दुकानदाराची सून, पेडणे

आमचा पसरो, म्हणजे किराणा दुकान, सासऱ्यांच्या वडिलांनी घातलेला. गल्ल्याच्या खालच्या खणात लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही असते, दर वर्षी नवी. वहीत कोणाचं आडनाव नाही. वर "आंब्याखालचे", "होडीवाले", "पिंपळाकडची काकी" असं लिहिलेलं. प्रत्येक घराला एक पान.

गेल्या वर्षीचं होडीवाल्यांचं पान समोर घेऊन लिहिते आहे. 7 जून: उकडे तांदूळ 5 किलो, खोबरेल पाव लिटर, काडेपेटी 2. 9 जून: कांदे, गूळ, सुकं सुंगट. 12 जून: मुलीच्या वह्या 6, मेणबत्त्या. पान भरून मागे गेलं आहे आणि उजवीकडचा जमेचा रकाना ऑगस्टपर्यंत कोरा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मे संपता संपता शॅक (वाळूवरची तात्पुरती हॉटेलं) मोडतात. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस मासेमारी बंदी, ट्रॉलर आणि यांत्रिक होड्या बंद. भाड्याच्या खोल्या रिकाम्या, दुचाकी टॅक्सीचे पायलट घरी. त्यातच चतुर्थी येते. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान, पोरांचे कपडे, नेवऱ्यांचं (करंज्यांचं) साहित्य, यातलं काही टाळता येत नाही. हातात पैसा दिसतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि वहीतली खाती तुळशीच्या लग्नापर्यंत फिटतात. कोणाचं नाही फिटलं तर सासरे पान नव्या वहीत उतरवून घेतात. व्याज नाही.

आता हे चालतं कसं? डिसेंबर ते मार्च जो रोख धंदा होतो त्यावर. त्यातून म्हापशाच्या घाऊक व्यापाऱ्याचं देणं आम्ही फेडतो, म्हणून तो जूनमध्ये आम्हाला माल सोडतो. मार्टची बातमी आल्यावर एक जण चांगल्या मनानेच म्हणाला, "काकी, भिऊ नका, रोखीचं तिकडून घेऊ, उधारीचं तुमच्याकडूनच." त्याला काय सांगू? रोखीवरच उधारी चालते रे बाबा. रोख तिकडे गेली की जूनमध्ये माझी फळी रिकामी असणार.

धागाकर्ती

काकी, मला जे सांगता येत नव्हतं ते हेच. तुमचा प्रतिसाद सोमवारी पंचायतीत वाचून दाखवला तर चालेल का? नाव घेणार नाही.

दोन मुलांची आई, नवरा तारवर

मला मार्ट हवा आहे. शिव्या घालायच्या तर घाला.

नवरा वर्षातले आठ महिने जहाजावर असतो. धाकटं दीड वर्षाचं आहे. डायपर, औषधी पावडर, डाग न राहणारा साबण, यातलं एकही गावात धड मिळत नाही. म्हापशाला जायचं तर बसची वाट बघत मूल कडेवर घेऊन उभं राहायचं, दिवस जातो. आणि पसऱ्यावरची माया मलाही माहीत आहे, पण डिसेंबरात पर्यटक आले की पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने आम्हा गाववाल्यांनाही देतात. तारीख उलटलेली बिस्किटं मी दोनदा परत केली आहेत. मार्टमध्ये निदान बिल हातात मिळतं.

माझी बहीण बी.कॉम. होऊन घरी बसली आहे. तिला चार पावलांवर नोकरी मिळत असेल तर मी नको कशी म्हणू? आणि अजून एक. वाळूवर हॉटेलं उठत होती तेव्हा यातले किती जण ग्रामसभेला आले होते?

किराणा दुकानदाराची सून, पेडणे

छापील किमतीबद्दल तू बोललीस ते खरं आहे. आमच्याकडे होत नाही असं म्हणणार नाही, दोन वर्षांपूर्वी दिराने केलं होतं आणि सासऱ्यांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. डायपरचं सांग, कुठला आकार ते. मी आठवड्याला आणून ठेवते.

भूमापन खात्यातून निवृत्त, डिचोली

माझी तीस वर्षं नकाशे आणि उतारे यांच्यात गेली. भावना बाजूला ठेवून कागदाचं बोलतो, कारण शेवटी माती अडते ती कागदाने.

पहिल्यांदा त्या सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा) काढा. मालकाचं नाव सगळेच बघतात, तुम्ही कुळाचा रकाना आणि इतर हक्क बघा. कूळ कायद्याने मिळालेली जमीन असेल तर 1991 च्या जमीन वापर कायद्यानुसार ती शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. आमच्या भागातलं एक मोठं बांधकाम निव्वळ या एका रकान्यावर अडलं. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एका कुळाच्या नातवाने आजोबांच्या ट्रंकेतून जुना कागद काढून आणला.

मग प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये ती जागा कुठल्या रंगात आहे ते बघा. भातशेती दाखवली असेल आणि आता अचानक वस्तीचा विभाग झाला असेल, तर तो बदल कुठल्या कलमाखाली झाला ते माहिती अधिकारात विचारा. नगर नियोजन कायदा 1974 चा, पण त्यात 2018 साली 16-ब आलं, 2023 साली 17(2) आलं आणि 2024 साली 39-अ आलं. प्रत्येकाची वाट वेगळी, त्यामुळे हरकत कुठे घ्यायची तेही वेगळं. 39-अ खाली सूचना निघाली तर हरकतींना 30 दिवस मिळतात. ती सूचना राजपत्रात येते, आणि तुमच्या गावात राजपत्र कोण वाचतं? दोन पोरांना हे काम वाटून द्या, दर आठवड्याला बघायचं म्हणून.

धागाकर्तीने मातीचे ढीग लिहिले आहेत, ते फार महत्त्वाचे आहेत. त्याच कायद्याचं 17-अ हे कलम डोंगर कापणं आणि सखल जमीन भरणं यांसाठीच आहे. परवानगीशिवाय सखल भागात भर घालता येत नाही. फोटो काढताना मागे ओळखीची खूण येऊ द्या, शाळेची भिंत, विजेचा खांब, असं काहीतरी. नुसत्या मातीचा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो. शेतीची बिगरशेती करायला 1968 च्या महसूल कायद्याखाली रूपांतर सनद लागते, तिची प्रतही मागा.

ग्रामसभेचा ठराव झाला हे चांगलं, पण एवढ्यावर घरी बसू नका. पंचायतीने परवाना दिलाच तर पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येतं आणि अपिलाला मुदत असते. म्हणून आदेशाची तारीख कळण्यावर डोळा ठेवा. आणि प्रत्येक अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं धरा.

खाजनाशेजारी राहणारा, शापोरा नदीच्या काठाने

आमच्याकडे मार्ट नव्हता, एक गोदाम होतं. पण माती तीच, म्हणून लिहितो.

खाजन म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. भरतीच्या वेळी नदीचं पाणी आमच्या शेतापेक्षा उंच असतं. मध्ये बांध आणि बांधात मानस. मानशीची लाकडी दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं पाणी नदीत जातं. लहानपणी मी तिथे बसून दार मिटताना बघायचो. आधी दोन्ही फळ्या थरथरतात, मग पाणी टेकलं की एकदम गच्च.

पाच-सहा वर्षांपूर्वी वरच्या बाजूच्या दोन शेतांत भर पडली. कायद्याने बघायला गेलं तर 2011 च्या किनारी अधिसूचनेतच म्हटलं आहे की खाजनात विकासकाम चालणार नाही. पण ही दोन शेतं खाजन नव्हेत, खाजनाच्या वरची, असं कागदावर दाखवलं. पाण्याला कागद वाचता येत नाही. पूर्वी जुलैच्या मोठ्या पावसात आमच्या परड्यात पाणी यायचं आणि ओहोटीबरोबर रातोरात उतरायचं. आता तीन दिवस उभं राहतं. गेल्या वर्षी विहिरीचं पाणी चतुर्थीपर्यंत पिता आलं नाही, मातीचा वास येत होता. नारळाची दोन झाडं मुळातून सैल झाली.

तुमच्या शाळेमागच्या शेतातलं पाणी आज कुठे जातं ते या पावसात छत्री घेऊन चालत जाऊन बघा. मोऱ्या मोजा. नंतर तज्ज्ञ आणले तरी त्यांना हे दिसणार नाही.

हरमल

माझी आई मिरची लावते. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, सगळे कौतुक करतात. दोन किलो झाली तर गावातला दुकानदार दोन किलो घेतो, पाच झाली तर पाच. एका मार्टमध्ये मी स्वतः विचारून आलो. त्यांना जीएसटी नंबर हवा, त्यांच्याच मापाची पाकिटं हवीत आणि दर आठवड्याला ठरलेलं वजन हवं. आईची मिरची दर आठवड्याला ठरलेल्या वजनाची कशी होईल?

पणजी

पणजीजवळच्या चिंबलचे लोक तोय्यार तळ्याजवळच्या सरकारी युनिटी मॉलविरुद्ध धरणं धरून बसले होते तेव्हा मी दोन संध्याकाळी तिथे गेलो होतो. सगळ्यात जास्त बायका होत्या. काही जणी घरचं आटपून, रात्रीचं जेवण झाकून ठेवून आलेल्या. तळं पाणथळ जागा म्हणून अधिसूचित होतं, त्याचा त्यांना मोठा आधार झाला. तुमच्या गावात तळं, पोय, झरा, काही असेल तर त्याचं नाव कुठल्या सरकारी कागदात आहे का ते आधी शोधा.

बार्देस, किनारी गाव

आमच्याकडे मार्ट आला. विरोध झाला नाही, मीही केला नाही. उद्घाटनाला रांगा होत्या, साखर आणि तेल जवळजवळ फुकट म्हणावं अशा भावात. वाड्यावरच्या तीन दुकानांपैकी एक वर्षभरात बंद झालं, दुसऱ्याने किराणा सोडून दारू ठेवायला सुरुवात केली. तिसरं एका म्हाताऱ्या बाईंचं, त्या गेल्या आणि मुलाने जागा स्कूटर भाड्याने देणाऱ्याला दिली. कोणाला दोष देता येत नाही, प्रत्येकाचं कारण वेगळं होतं.

नोकऱ्या मिळाल्या, हे खरं. माझी भाची तिथे काउंटरवर होती. दिवसभर उभं राहायचं, बसायला स्टूल नाही, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी म्हणून निम्म्या मुलींना जूनमध्ये घरी बसवायचे. म्हणजे गावात पैसा नसतो नेमक्या त्याच महिन्यांत.

मग दोन सीझन खराब गेले आणि कंपनीने शटर ओढलं. कुठल्यातरी शहरातल्या कचेरीत हिशेब झाला असणार, आम्हाला फक्त दारावरची नोटीस दिसली. त्याला आता तीन वर्षं झाली. शटर तसंच आहे, पार्किंगमध्ये कुत्री झोपतात. मार्ट गेला म्हणून जुनी दुकानं परत आली नाहीत. आज आमच्या वाड्यावर मीठ संपलं तर स्कूटर काढावी लागते. माझ्या आईला स्कूटर चालवता येत नाही. ती शेजारणीकडे वाटी घेऊन जाते.

तारवट्याच्या बायकोला सांगावंसं वाटतं, तुमचा त्रास खराच आहे. मी तुमच्या जागी होतो तेव्हा मीही रांगेत उभा होतो.

दोन मुलांची आई, नवरा तारवर

वाचलं. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण मार्ट हवाच असेल तर तो शेत भरून नको, मुख्य रस्त्याला जुनी रिकामी इमारत आहे तिथे का नाही, हे मी पंचायतीत येऊन विचारीन. जूनमध्ये मुलींना घरी बसवणार का, हेही विचारायचं आहे. काकी, आकार मोठा, चौथ्या नंबरचा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. थोडी बातमी देते.

एक-चौदाचा उतारा काढला. कुळाच्या रकान्यात एक नाव आहे. ते घर आमच्याच वाड्यावरचं, माणसं मुंबईला असतात. त्यांच्याशी काल फोनवर बोलणं झालं, जुने कागद शोधून चतुर्थीच्या आधी एकदा येऊन जातो म्हणाले. भर घातल्याची तक्रार 17-अ खाली दिली आणि प्रतीवर शिक्का घेतला. शिपाई म्हणाला, "शिक्को कित्याक बाय, आमी आसां न्ही." (शिक्का कशाला, आम्ही आहोत ना.) तरी घेतला.

काल पहिला मोठा पाऊस झाला. आम्ही सहा जण छत्र्या घेऊन शेताच्या कडेने चालत गेलो. शाळेजवळची मोरी मातीने निम्मी बुजली आहे आणि पाणी आता उलटं, अंगणवाडीच्या बाजूला वळलं आहे. फोटोत अंगणवाडीचा निळा दरवाजा आला आहे. सोमवारी दहा वाजता पंचायतीत सुनावणी आहे. पेडण्याहून येणाऱ्यांनी देवळाकडे थांबा, तिथून एकत्र जाऊ.