ताम्हिणीत गिअर सुटला, डिस्प्लेवर एन (न्यूट्रल) ब्लिंक... एएमटीचं नक्की काय गेलंय?

घाटवाट_११
मंडळी जरा मदत हवीये. सेकंड हँड घेतलेली २०१७ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली ऑटोमॅटिक. गणपतीला गावी जाताना ताम्हिणीत हे तुंबलेलं ट्रॅफिक, चढावर थांब-पुढे घे थांब-पुढे घे चाललेलं, आणि मधेच जळका वास यायला लागला, इंजिन नुसतं बोंबलतंय आरपीएम चढतोय पण गाडी काही सरकेना, मग एन ब्लिंक व्हायला लागला आणि गिअरच पडेना. कडेला घेतली, थंड झाल्यावर काही झालंच नाही अशी निघाली. आता घरी वेगळंच नाटक, सकाळी एनवरून डीला (ड्राइव्ह) टाकली की कधीकधी नुसतं बीप बीप, दोन-तीनदा ब्रेक दाबला की पडतो गिअर. सर्व्हिस सेंटरवाल्याने स्कॅनर पण न लावता अख्खं किट बदला म्हणून कोटेशन हातात दिलं, आकडा बघून बायको म्हणते गाडीच विकून टाका. काय करू?

पंक्चर_पंड्या
एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) फ्लश मारून घे भावा, माझ्या गाडीचे झटके गेले त्याने. लोण्यासारखी चालते.

ग्रीसवाले_अण्णा
पंड्या, तुझी टॉर्क कन्व्हर्टर असणार, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी ऑटोमॅटिक. याच्या एएमटीत एटीएफ येतं कुठून? एएमटी म्हणजे आपला साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, तोच क्लच, तीच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाहाताऐवजी अॅक्च्युएटर करतो. त्यामुळे आधी आपल्याकडे कुठलं ऑटोमॅटिक आहे ते बघा, मग इलाज. सीव्हीटीचं (गिअरच्या पायऱ्या नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) ऑइल वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरचं वेगळं, एकाचं दुसऱ्यात ओतलं तर गिअरबॉक्स खलास समजा.

घाटवाट, तुझे दोन प्रॉब्लेम आहेत आणि ते एकच धरलेत म्हणून कोटेशन फुगलंय. घाटातला वास म्हणजे क्लच तापला. चढावर ब्रेक न मारता अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीस ना? ते मॅन्युअलमधलं हाफ क्लचच झालं, प्लेट घासत बसते आणि फार तापली की कॉम्प्युटर स्वतःच क्लच दाबून एनला जातो. पुढच्या वेळी हँडब्रेक ओढ, पुढची गाडी चांगली दोन-तीन गाड्यांएवढी सरकू दे, मग एकदम घे. चढावर मॅन्युअल मोडला टाकून पहिल्यातच ठेव, नाहीतर बिचारा पहिला-दुसरा पहिला-दुसरा करत बसतो.

आता सकाळचं बीप बीप. ब्रेक दाबलाय असा सिग्नल मिळाल्याशिवाय ही गाडी डीला जातच नाही आणि तो सिग्नल देतो पेडलवरचा ब्रेक स्विच. कुणाला तरी मागे उभं कर आणि पेडल हळूहळू दाब, लाइट उशिरा लागतोय किंवा एकदा लागतो एकदा नाही असं असेल तर चोर तिथेच. दुसरं म्हणजे बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर मल्टीमीटर लाव, १२.६च्या आसपास ठीक, १२च्या खाली असेल तर अॅक्च्युएटर अर्धपोटी काम करतोय.

मेधा_चिंचवड
अण्णा, माझी टॉर्क कन्व्हर्टर आहे, डीला टाकली की क्षणभर काहीच होत नाही आणि मग धाडकन पकडते. फ्लश करू का?

ग्रीसवाले_अण्णा
ताई आधी ऑइल बघा. लालसर असेल तर चांगलं, काळपट तपकिरी आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच प्लेटा झिजायला लागल्यात. लेव्हल कमी असली तरी असंच होतं, पण ती ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावरच बघायची असते आणि बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नसते, तेव्हा लिफ्टवर घेणाऱ्याकडे जा. जुन्या गिअरबॉक्सला मशीनने प्रेशर फ्लश मी तरी सांगणार नाही, ड्रेन करून भरा. एका वेळेला सगळं निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून थोडं चालवून परत एकदा करायचं.

घाटवाट_११
अण्णा देव माणूस आहात! मुलाला मागे उभं केलं, तो ओरडतोय लागला, नाही लागला, लागला... स्विचच निघाला. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने काही शेकड्यात बदलून दिला, आज सकाळी पहिल्या झटक्यात डी. बॅटरी पण १२.५ दाखवतेय. क्लचचं मात्र कसं कळणार, खोलावं लागेल का?

ग्रीसवाले_अण्णा
लगेच खोलू नको. मोकळ्या चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाब, आरपीएम वर आणि स्पीड तिथेच असेल तर प्लेट संपली. आणि एएमटी वाचणारा स्कॅनर असलेल्याकडे क्लच वेअरचं रीडिंग काढून घे. नुसता पी०७०० कोड दाखवून घाबरवलं तर बधू नको, त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार नोंदलीये, खरा कोड आत वेगळा असतो. प्लेट बदललीच तर नंतर स्कॅनरने क्लच लर्निंग (नवा क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला शिकवणं) करून घे, ते न करता गाडी दिली की झटके मारते आणि मग परत किट बदला सुरू.

पंक्चर_पंड्या
म्हणजे माझा फ्लश पण चुकला का काय 😅

ग्रीसवाले_अण्णा
चालतेय ना? मग हात लावू नको.