लिंकर स्क्रिप्ट टूलने दिली तशीच ठेवायची, की पहिल्याच दिवशी आपल्या हातात घ्यायची?

अंबड_फर्मवेअर

मी नाशिकच्या अंबडला एका छोट्या युनिटमध्ये फर्मवेअर लिहिते. आम्ही द्राक्षबागायतदारांसाठी मोटर कंट्रोलर बनवतो. फेज गेला की मोटर बंद, विहिरीत पाणी संपलं की बंद, मोबाइलवरून चालू. आत एसटीएम३२एफ१०३सी८ हा मायक्रोकंट्रोलर आहे, म्हणजे ६४ केबी फ्लॅश (लाइट गेली तरी टिकणारी मेमरी, प्रोग्राम इथे असतो) आणि २० केबी रॅम (लाइट असेपर्यंतच टिकणारी).

माझं मत आधीच सांगते. टूलने दिलेली लिंकर स्क्रिप्ट, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरला काय मेमरीत कुठे बसवायचं हे सांगणारी फाइल, न उघडता वापरणं ही चूक आहे. त्या फाइलला आपला चिप माहीत असतो, आपला बोर्ड माहीत नसतो.

झालं असं. मोटर किती अँपिअर ओढते यावरून आम्ही ड्राय रन (पाण्याविना मोटर चालणं) ओळखतो. मोटर चालू असताना बटण पाच सेकंद दाबलं की त्या वेळचा करंट फ्लॅशच्या शेवटच्या पानात लिहिला जातो. पान १ केबीचं, पत्ता हेक्स ०८००एफसी००. हा पत्ता सी कोडमध्ये डिफाइन केलेला होता. लिंकरला त्याची खबरच नव्हती, त्याच्या लेखी ६४ च्या ६४ केबी त्याचेच.

या हंगामात मराठी एसएमएस वाढवले आणि कोड ६३ केबीच्या पुढे सरकला. बिल्ड बिनतक्रार झाला. बेंचवर चाललं. पिंपळगावजवळ एका बागेत बोर्ड बसवला, काकांनी बटण दाबलं, मोटर चालली, आम्ही घरी आलो. रात्री लाइट गेली, पहाटे आली, आणि बोर्ड मुका. मॉडेमशी बोलेचना.

दोन दिवस आम्ही सप्लाय आणि मॉडेमलाच दोष देत बसलो. मग मॅप फाइल (काय कुठल्या पत्त्यावर बसलं त्याची लिंकरने दिलेली यादी) उघडली. आमच्या स्क्रिप्टमध्ये फ्लॅशमध्ये आधी व्हेक्टर टेबल (इंटरप्ट, म्हणजे तातडीचा सिग्नल आला की सीपीयूने कुठे जायचं त्या पत्त्यांची यादी), मग कोड, मग कॉन्स्टंट आणि सगळ्यात शेवटी डेटा सेक्शनच्या (आधीच किंमत भरलेल्या व्हेरिएबल्सच्या) सुरुवातीच्या किमती असा क्रम होता. बोर्ड चालू होताना स्टार्टअप कोड त्या किमती फ्लॅशमधून रॅममध्ये कॉपी करतो. बटण दाबल्यावर पान इरेज झालं आणि नेमक्या त्याच किमती पुसल्या गेल्या. रॅममधली कॉपी शाबूत होती, म्हणून लाइट जाईपर्यंत सगळं सुरळीत. परत चालू झाल्यावर बॉडरेटच्या (मॉडेमशी बोलायच्या वेगाच्या) व्हेरिएबलमध्ये एफ एफ एफ एफ, म्हणजे पुसलेली फ्लॅश.

उपाय दोन ओळींचा निघाला. मेमरी ब्लॉकमध्ये फ्लॅशची लेंग्थ ६४के ची ६३के केली आणि उरलेल्या १के चा सेटिंगसाठी वेगळा रीजन दिला. लगेच लिंकरने एरर दिला: फ्लॅश ४१२ बाइट्सने ओव्हरफ्लो. हाच एरर बोर्ड बागेत जायच्या आधी माझ्या टेबलावर मिळाला असता.

सातपूर_बेंच

ताई, त्रास झाला हे कळतं, पण निष्कर्ष पटत नाही. चूक स्क्रिप्टची नव्हती. फ्लॅशचं पान कोडमध्ये हाताने राखून ठेवलं आणि ते कुणाला सांगितलं नाही, ही चूक होती. बिल्डनंतर साइज बघायची सवय असती तरी सापडलं असतं.

आता माझा अनुभव ऐका. एसटीएम३२एफ४०७ वर एडीसीचं (सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागाचं) काम होतं. रॅम कमी पडायला लागली म्हणून आमच्या एका पोराने स्क्रिप्टमध्ये सीसीएमसाठी (त्या चिपमधल्या वेगळ्या रॅमसाठी) सेक्शन केला आणि एडीसीचा बफर तिकडे टाकला. ६४ केबी फुकट पडलेत, वापरू, असा विचार. बिल्ड स्वच्छ, वॉर्निंग एकही नाही. बफरमध्ये मात्र कायम शून्य. सीसीएम हेक्स १००००००० ला असते आणि ती फक्त सीपीयूच्या डेटा बसला जोडलेली आहे, डीएमए (सीपीयूला न गुंतवता डेटा हलवणारं हार्डवेअर, आमचा बफर तेच भरतं) तिथे पोहोचतच नाही. लिंकरला बसची जोडणी कळत नाही, पत्ता मोकळा दिसला की तो ठेवून देतो. पोराने आठवडाभर एडीसीचं क्लॉकिंग तपासलं, सेन्सर बदलला, शेवटी बोर्डही बदलला.

म्हणजे तुमच्याकडे स्क्रिप्टला हात न लावल्याने गोंधळ झाला, आमच्याकडे लावल्याने. चार माणसांच्या टीममध्ये सगळ्यांना रेफरन्स मॅन्युअलमधला बस मॅट्रिक्स (कोण कुठल्या मेमरीला जोडलंय तो नकाशा) पाठ नसतो. शिवाय आमची निम्मी कामं कील या टूलवर आणि निम्मी जीसीसी या कंपायलरवर. लिंकर स्क्रिप्ट म्हणून एकीकडे स्कॅटर फाइल, दुसरीकडे एलडी स्क्रिप्ट. दोन्हीकडे हाताने केलेले बदल सांभाळायचे कुणी? आणि टूलमधून प्रोजेक्ट परत जनरेट केला तर आपले बदल टिकले की गेले, हे दर वेळी तपासत बसायचं.

गोदाकाठ_बूटलोडर

सातपूरवाल्या दादांचा मुद्दा छोट्या बोर्डापुरता ठीक आहे. पण बोर्ड एकदा सुरगाण्याच्या किंवा पेठच्या शेतात गेला की प्रोग्रामर घेऊन तिथे जाणं परवडत नाही. मोबाइल नेटवर्कवरून अपडेट हवा, म्हणजे बूटलोडर (आधी चालू होऊन नवीन प्रोग्राम भरणारा छोटा प्रोग्राम) हवा, म्हणजे ॲप्लिकेशन हेक्स ०८००४००० ला सरकवायला हवं. तिथे स्क्रिप्टला हात लावू की नको हा प्रश्नच उरत नाही.

आणि नुसतं ओरिजिन (सुरुवातीचा पत्ता) बदलून भागत नाही. व्हीटीओआर रजिस्टर (व्हेक्टर टेबल कुठे आहे हे सीपीयूला सांगणारं) नव्या टेबलाकडे वळवलं नाही, तर इंटरप्ट आला की सीपीयू बूटलोडरच्या टेबलात जातो. एसटीएम३२एफ०३० वर तर हे रजिस्टरच नाही. तिथे व्हेक्टर टेबल रॅमच्या सुरुवातीला कॉपी करून रॅम शून्य पत्त्यावर रीमॅप करावी लागते. टेबलात ४८ नोंदी, म्हणजे १९२ बाइट्स. रॅमचे पहिले १९२ बाइट्स स्क्रिप्टमध्ये राखून ठेवले नाहीत तर लिंकर तिथे एखादा व्हेरिएबल बसवतो, आणि त्यात काही लिहिलं की इंटरप्टचा पत्ता बदलतो. मी हे भोगलं आहे. दर तीन-चार तासांनी हँग, कारण तो व्हेरिएबल फक्त मॉडेम री-रजिस्टर झाल्यावर बदलायचा.

अंबड_फर्मवेअर

@सातपूर_बेंच दादा, साइज बघायची सवय होती हो. साइज ६४ च्या आत होती, म्हणून तर फसलो. माणसाने आठवण ठेवायची गोष्ट आणि लिंकरने अडवायची गोष्ट यात मला फरक वाटतो. रात्री अकराला डिस्पॅचसाठी बिल्ड काढताना माझी आठवण चुकू शकते, लेंग्थ ६३के चुकत नाही.

स्टॅकचंही (फंक्शन चालताना लागणाऱ्या तात्पुरत्या जागेचंही) तसंच. टूलच्या स्क्रिप्टमध्ये मिनिमम स्टॅक साइज हेक्स ४००, म्हणजे १ केबी लिहिलेली असते. नवीन मुलांना वाटतं की स्टॅक १ केबीच्या पुढे जाणार नाही. तो आकडा फक्त लिंक करताना रॅममध्ये तेवढी जागा उरली आहे का एवढंच बघतो. प्रोग्राम चालू असताना स्टॅकला कुणी अडवत नाही, तो वरून खाली येतो आणि गुपचूप बीएसएसमध्ये (किंमत न भरलेल्या व्हेरिएबल्सच्या जागेत) शिरतो.

मी आता आमच्या स्क्रिप्टमध्ये स्टॅक रॅमच्या तळाशी ठेवला आहे, हेक्स २००००००० पासून २ केबी, आणि बाकी सगळं त्याच्या वर. स्टॅक फुटला तर तो रॅमच्या बाहेर जातो, तिथे मेमरीच नाही, म्हणून लगेच फॉल्ट येतो आणि वॉचडॉग (अडकलेला प्रोग्राम ओळखणारा टायमर) रीसेट करतो. कुणाचा तरी व्हेरिएबल बिघडून मोटर भलत्या वेळी चालू होण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पाण्यात उभं राहून फूटव्हॉल्व्ह काढणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर असतो.

तंत्रनिकेतन_शिक्षिका

मी डिप्लोमाच्या मुलांना मायक्रोकंट्रोलर शिकवते. अभ्यासक्रमात लिंकरला जेमतेम अर्धा तास मिळतो. मुलं सी लिहितात, बटण दाबतात, एलईडी लुकलुकते. मधे काय झालं हे त्यांना कुणी दाखवतच नाही.

माझं मत दोघांपेक्षा थोडं वेगळं आहे. स्क्रिप्ट बदलण्याआधी मॅप फाइल वाचता आली पाहिजे. मी एकच प्रयोग करून घेते. एक ग्लोबल ॲरे, १००० बाइट्सचा. एकदा नुसता डिक्लेअर करायचा, एकदा पहिल्या घरात ५ भरून, एकदा पुढे कॉन्स्ट लावून. तिन्ही वेळा मॅपमध्ये शोधायचा. पहिल्यांदा तो बीएसएसमध्ये सापडतो, फक्त रॅम खातो. दुसऱ्यांदा डेटामध्ये, रॅमही खातो आणि फ्लॅशही. तिसऱ्यांदा फक्त फ्लॅशमध्ये. एका ५ साठी फ्लॅशचे हजार बाइट्स गेले हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मुलं पुढचे प्रश्न आपणहून विचारतात. सातपूरच्या त्या मुलाने हे केलं असतं तर बफरचा पत्ता १० ने सुरू होतोय हे त्याला पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

सातपूर_बेंच

@तंत्रनिकेतन_शिक्षिका मॅडम, पत्ता दिसला असता, पण डीएमए तिथे जात नाही हे मॅप फाइल सांगत नाही. माझा आक्षेप तिथेच आहे. कुठल्या मेमरीला कोण पोहोचतं हे ज्याला माहीत आहे, त्यानेच सेक्शन हलवावा. आमच्याकडे तो माणूस मी एकटाच आहे, म्हणून स्क्रिप्टमधला बदल माझ्या रिव्ह्यूशिवाय जाणार नाही. हा नियम मी सोडणार नाही.

पण ६३के मला मान्य आहे. आमच्याही दोन प्रॉडक्टमध्ये सेटिंग शेवटच्या पानात आहे, पत्ता सी मध्येच डिफाइन केलेला. तुमचा धागा वाचून आत्ता मॅप उघडली. एकात ९ केबी मोकळे आहेत. दुसऱ्यात ३०० बाइट्स.

अंबड_फर्मवेअर

३०० म्हणजे पुढच्या एका फीचरचं काम. दादा, लेंग्थ कमी कराल तेव्हा सेटिंगचा पत्ताही स्क्रिप्टमध्ये सिंबॉल करून द्या आणि सी मध्ये तोच एक्स्टर्न घ्या. डिफाइन आहे तसा राहिला तर उद्या पान हलवताना एकीकडे बदलेल आणि दुसरीकडे राहून जाईल. सी मध्ये घेताना सिंबॉलच्या आधी अँपरसँड (&) लावा, त्याचा पत्ता हीच त्याची किंमत असते. मी पहिल्यांदा तो विसरले होते आणि फ्लॅशमधला कचरा पत्ता म्हणून वाचत बसले होते.