जाताना सैनिक, येताना जखमी: एकच ड्रॉपशिप पुरेल का?

उलटा_रोटर:
'हेलो' या व्हिडिओ गेममधलं पेलिकन घ्या, म्हणजे कक्षेतून सैनिक थेट रणांगणात उतरवणारं यान, ड्रॉपशिप. मागचा दरवाजा उघडला की मरीन्स बाहेर, शेपटीखाली वॉर्टहॉग जीप लटकलेली. आणि खाली सगळं बोंबललं की माघारी न्यायलाही तेच हजर! यावर 'हे कसं शक्य आहे' म्हणून नाकं मुरडली जातात. मला मात्र एकाच यानानं दोन्ही कामं करणं पटतं. परतताना यान रिकामंच असतं, मग जखमींसाठी वेगळं कशाला? व्हिएतनाममध्ये ह्युई हेलिकॉप्टरनं दोन्ही कामं केलीच की.

तिसरी_पाळी:
साफ असहमत. ह्युईचा दाखला अर्धाच दिलात. हेलिकॉप्टर तेच, पण जखमी उचलणारी 'डस्टऑफ' पथकं वेगळी होती. ती इतर कामांना जुंपायला डस्टऑफचेच अमेरिकी वैमानिक मेजर चार्ल्स केली यांचा कडवा विरोध होता. जखमींना घ्यायला उतरले असताना १ जुलै १९६४ रोजी ते मारले गेले. यान एकच असेल तर दुसरी कुमक आणायची की जखमी पोचवायचे, हे कमांडर ठरवणार. लढाई हातची चाललेली असताना तो काय ठरवेल, सांगायला हवं का?

उलटा_रोटर:
आणि तुमचं खास पथक येईपर्यंत जखमीनं काय करायचं? जवळ असेल त्या वाहनात घालून न्यायचं, यालाच कॅसेव्हॅक म्हणतात. वेळ महत्त्वाची. २००९ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अफगाणिस्तानात जखमींना ६० मिनिटांत हलवायचा हुकूम काढला तो उगाच नाही.

तिसरी_पाळी:
तो हुकूम पाळायला जादा हेलिकॉप्टरं आणि वैद्यकीय पथकं पाठवावी लागली. तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतोय.

कलम_छत्तीस:
१९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारानुसार संरक्षण फक्त वैद्यकीय कामालाच वाहिलेल्या विमानाला, तेही दोन्ही बाजूंनी ठरवलेल्या उंचीवर, वेळेत आणि मार्गानं. नाकाशी तोफ असलेल्या पेलिकनला लाल क्रॉस कसा लावणार?

उलटा_रोटर:
गेममध्ये शत्रू असलेल्या परग्रहवासीयांनी त्या करारावर सह्या केल्यात का? आणि अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमध्ये ब्रिटिशांची चिनुक हेलिकॉप्टरं मशिनगन घेऊन, क्रॉस न लावता, आत डॉक्टर बसवून जखमी आणतच होती.

तिसरी_पाळी:
डॉक्टर बसवून! त्या चिनुकमध्ये वाटेतच उपचार सुरू व्हायचे. पेलिकनमध्ये कोण आहे, वैमानिक?

आडवा_प्रवासी:
भांडा निवांत, पण यान कक्षेत परत जातंय हे दोघंही विसरलात. पृथ्वीएवढ्या ग्रहाच्या खालच्या कक्षेसाठी सेकंदाला जवळपास ७.८ किमी वेग लागतो. तो गाठताना यान नाकाच्या दिशेनं रेटलं जाणार. स्ट्रेचर जमिनीवर लांबीत ठेवलं आणि डोकं नाकाकडे असलं तर रक्त पायांकडे ढकललं जातं; आधीच रक्त गेलेला माणूस तिथेच संपेल. उलट ठेवलं तर डोक्याला मार लागलेल्याचं काही खरं नाही. अंतराळवीर पाठीवर झोपून जातात, म्हणजे जोर छातीकडून पाठीकडे जातो. जखमींनाही पाठ शेपटीकडे करूनच बांधावं लागेल, म्हणजे यान जमिनीवर असताना स्ट्रेचर उभी! भिंतीलगतच्या बाकांवर हे कसं जमवणार?

उलटा_रोटर:
बाकं घडीची करा, स्ट्रेचर फिरत्या चौकटीत बसवा. मांडणी बदलायची, यान नाही.

आडवा_प्रवासी:
आणि ती चौकट फिरवायची कुणी? गोळीबार चालू असताना, दार उघडं ठेवून?