मिलियन-बिलियनचे लाख-कोटी करताना शून्यं कुठे गळतात?

धंतोलीकर
नागपूर मेट्रोवर मराठी टिपण करायचं आहे. एका इंग्रजी तक्त्यात पहिल्या टप्प्याचा खर्च नुसता ८६,८०० आहे, वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'आकडे मिलियन रुपयांत'. दुसरीकडे ८६.८ बिलियन. आपल्या पेपरांत ८,६८० कोटी. तिन्ही एकच का? या मेट्रोला केएफडब्ल्यू बँकेने दिलेल्या ५०० मिलियन युरो कर्जाचं काय करायचं? आणि एक्सेलमध्ये स्वल्पविराम आपल्या पद्धतीने कसे आणायचे?

इतवारी_हिशेब
एकच आहेत भाऊ. मिलियनला १० ने भागा, बिलियनला १०० ने गुणा. दोन्हीकडून कोटी मिळतात. ट्रिलियनचा आकडा तसाच ठेवून पुढे 'लाख कोटी' लिहा. घोळ होतो तो मिलियनचाच: कोटी हवे तर भागायचं, पण लाख हवे तर १० ने गुणायचं. घाईत उलटं केलं की उत्तर शंभरपट हुकतं.

पूर्ण अंकांत लिहायचं असेल तर आधी जुने स्वल्पविराम सगळे काढून टाका. मग उजवीकडून तीन अंक, पुढे दोन-दोन: ८६,८०,००,००,०००. जुनेच स्वल्पविराम इकडेतिकडे सरकवत बसलात की एखादं शून्य जातंच.

कर्जाचा हिशेब दोन टप्प्यांत करा. ५०० मिलियन म्हणजे ५० कोटी युरो. हे झाल्यावरच दर लावा. समजा युरो ७५ रुपये, तर ३,७५० कोटी रुपये. करार २०१६ चा आहे, तेव्हा दरही तेव्हाचा घ्या आणि कोणता धरला ते टिपणात लिहा.

महाल_४४
केएफडब्ल्यू जर्मन बँक आहे, म्हणून एक सांगून ठेवतो. मूळ जर्मन कागद हाती आला तर त्यातला 'मिलियार्डे' म्हणजे १०० कोटी, आणि 'बिलियोन' म्हणजे लाख कोटी. इंग्रजी बिलियन समजून वाचलंत तर हजारपट फरक. चिन्हंही उलटी: १.५००,५० म्हणजे दीड हजार आणि वर अर्धा. ब्रिटनच्या सरकारी आकडेवारीत बिलियन हजार मिलियनचा झाला तो १९७४ पासून. त्याआधीच्या कागदात शून्यं मोजूनच पुढे जा.

सदरवाला
एक्सेलचं: विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये रीजन, मग अ‍ॅडिशनल सेटिंग्ज, तिथे डिजिट ग्रुपिंगला १२,३४,५६,७८९ निवडा आणि एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. ही सेटिंग संगणकाची, फाइलची नाही. साहेबांच्या मशीनवर परत ८६,८००,०००,००० दिसू शकतं, म्हणून पीडीएफ पाठवा.

एक्सेलच्या फॉरमॅट कोडच्या (आकडा सेलमध्ये कसा दिसावा ते ठरवणाऱ्या खुणांच्या) शेवटी दोन स्वल्पविराम दिले की आकडा मिलियनमध्ये दिसतो. लाख-कोटीसाठी ही युक्ती चालत नाही, कारण तो दर स्वल्पविरामाला हजारानेच भागतो. वेगळा कॉलम घ्या आणि कोटींसाठी १,००,००,००० ने भागा.

धंतोलीकर
आभार जी. शहराची लोकसंख्या २.४ मिलियन दिली आहे, ती २४,००,००० लिहू का?

इतवारी_हिशेब
नको, ते मोजलेला आकडा असल्यासारखं दिसतं. 'सुमारे २४ लाख' लिहा, नाहीतर २०११ च्या जनगणनेतला २४,०५,६६५ जसाच्या तसा द्या.