घड्याळ तीन वर्षांचं, म्हणून श्वासाची नोंद नाही?

केतकीबन (धागाकर्ती)

माझे बाबा एकसष्ट वर्षांचे. घोरणं जुनंच आहे, पण गेलं वर्षभर आई सांगतेय की घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो आणि मग ते दचकून मोठा श्वास घेतात. मागच्या महिन्यात नाशिकला माहेरी होते. रात्री पाणी प्यायला उठले, तर आई पलंगाच्या कडेला बसून बोटांच्या पेरांवर मोजत होती. मला खुणेनेच थांबवलं आणि म्हणाली, "बघ, आता बारा झाले." बारा आकडे होईपर्यंत बाबांचा श्वास नव्हता.

बाबांच्या हातात स्मार्टवॉच आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला भावाने आणि मी मिळून हप्त्यांवर घेतलेलं. काच धड आहे, बॅटरी दिवसभर पुरते, सॉफ्टवेअरचं ताजं अपडेटही आलंय. भावाकडे त्याच कंपनीचं पुढचं मॉडेल. अपडेटनंतर त्याच्या फोनमध्ये झोपेतला श्वास तपासायची सोय दिसायला लागली, बाबांच्या फोनमध्ये तो पर्यायच नाही. ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ धरून ठेवल्यावर उत्तर मिळालं, "मॅडम, तुमचं मॉडेल यादीत नाही." का नाही विचारलं, तर पुन्हा तेच वाक्य.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एकीपुरता नाही. सगळ्यांना तपासून बघता येईल असं उदाहरण घेते. ॲपलने सप्टेंबर २०२४ मध्ये स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची, सूचना आणली ती सिरीज ९, सिरीज १० आणि अल्ट्रा २ या घड्याळांसाठी. २०२२ ची सिरीज ८ बाहेर राहिली. ही सूचना मनगटाच्या बारीक हालचालींवरून, म्हणजे ॲक्सिलरोमीटरवरून, श्वासातला अडथळा ओळखते. ॲक्सिलरोमीटर सिरीज ८ मध्येही आहे. वर्षभराने उच्च रक्तदाबाची सूचना आली, तीही सिरीज ९ पासून पुढेच. तिला लागतो प्रकाशाने नाडी बघणारा सेन्सर. तपशीलपत्रकात ८ आणि ९ दोन्हींपुढे तो 'तिसऱ्या पिढीचा' असाच लिहिलाय. घड्याळाचं नवं सॉफ्टवेअर वॉचओएस २६ सिरीज ८ ला मिळालं, झोपेचे गुण देणारं फीचरही मिळालं. मग याच दोन गोष्टी कुठे अडल्या?

माझी मागणी मोठी नाही. आरोग्याचं एखादं फीचर ज्या मॉडेलला मिळणार नाही, त्याच्या नावापुढे कारण लिहा. सेन्सर कमी पडतो, त्या मॉडेलवर चाचणी केली नाही, की मंजुरी मागितली नाही, जे काही असेल ते. विरोधी मतंही वाचायची आहेत.

डोंगरवाट

पूर्ण सहमत. चिप जुनी आहे असं कोणी म्हणेल, तर ते कारण मला पटतच नाही. मासिमो कंपनीशी पेटंटचा वाद झाला म्हणून जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत ॲपलची नवी घड्याळं रक्तातल्या ऑक्सिजनच्या मोजणीशिवाय विकली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती सोय परत आली. कशी? घड्याळ फक्त नोंदी घेतं आणि हिशेब आयफोन करतो. नवीन चिप असलेल्या घड्याळाचं गणित फोनवर टाकता येतं, तर जुन्याचं का नाही? रक्तदाबाची सूचना तीस दिवसांच्या नोंदी बघून येते, क्षणात उत्तर द्यायचं नसतं. फोन चार्जिंगला लावलेला असताना रात्रभर आरामात करेल की.

लोलक

असहमत, आणि कारण सविस्तर लिहितो. मी पुण्यात दहा वर्षं अंगावर घालायच्या उपकरणांच्या फर्मवेअरचं, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरचं, काम करतोय.

"सेन्सर आहे" या दोन शब्दांत फार काही लपतं. ॲक्सिलरोमीटर साध्या फिटनेस पट्ट्यातही असतो. पावलं मोजायला हात जोरात हलतो, तिथे थोडी चूक चालून जाते. झोपलेल्या माणसाच्या श्वासाने मनगट जे हलतं ते इतकं सूक्ष्म असतं की सेन्सरची स्वतःची कुरकुर (नॉइज) त्याहून मोठी ठरू शकते. त्यात घड्याळाच्या कवचाचं वजन बदललं, पट्टा एक भोक सैल झाला, नोंदी सेकंदाला कमी वेळा घेतल्या, की हाती येणारी लाट बदलते. ज्या घड्याळांच्या लाटांवर अल्गोरिदम शिकवला, त्याच घड्याळांवर तो भरवशाचा. फोनवर गणित हलवून हे सुटत नाही, कारण कच्चा माल घड्याळातूनच येतो.

दुसरं, हे फीचर म्हणजे नवी डायल नव्हे. ॲपलने आणि त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये सॅमसंगने स्लीप ॲप्नियासाठी अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता घेतली. तिथे कोणत्या उपकरणावर, किती लोकांवर, कशाशी ताडून बघितलं याचे पुरावे द्यावे लागतात. प्रत्येक जुन्या मॉडेलसाठी ते पुन्हा करायला माणसं, वेळ, पैसा लागतो. आणि न तपासता फीचर दिलं, बाबांच्या घड्याळाने महिनाभर काही दाखवलं नाही, तर घरचे काय समजतील? सगळं ठीक आहे असंच ना? त्यापेक्षा पर्याय न दिसलेला बरा, असं मी मनापासून म्हणतो.

रानवाटा

लोलक यांच्या मुद्द्याला जोड. आमच्या इमारतीत एकाकडे दोन हजारांच्या आतलं घड्याळ आहे, नाडी, ऑक्सिजन, बीपी सगळं दाखवतं. मी ते गुंडाळलेल्या टॉवेलला बांधून बघितलं. हिरवा दिवा लुकलुकला आणि टॉवेलची नाडी ७४ आली. तो गृहस्थ त्यावर विसंबून बीपीची गोळी पुढेमागे करत होता. घड्याळात सोयी वाढल्या म्हणजे आरोग्य सांभाळलं गेलं, असं मला आता वाटत नाही. कमी द्या पण तपासलेलं द्या.

केतकीबन

लोलक, सेन्सरच्या कुरकुरीचा मुद्दा समजला, आभार. पण मग २०१८ चं काय? ईसीजी फक्त सिरीज ४ ला आला, ते बरोबरच होतं, इतरांत त्यासाठीचे इलेक्ट्रोड नव्हते. त्याच डिसेंबरमध्ये अनियमित ठोक्यांची सूचना मात्र २०१६ च्या सिरीज १ लाही दिली गेली. तेव्हा जुनं घड्याळ चाललं.

लोलक

ताई, हे उदाहरण माझ्या बाजूने जातं. त्या सूचनेमागे स्टॅनफर्डबरोबर केलेला ॲपल हार्ट स्टडी होता. चार लाखांहून जास्त लोक त्यात होते आणि नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ ते ऑगस्ट २०१८ या काळात. सिरीज ४ तेव्हा बाजारात आलंच नव्हतं, म्हणजे अभ्यास झाला तोच १, २ आणि ३ वर. म्हणून त्यांना फीचर मिळालं.

केतकीबन

मान्य. पण मग हे बघा, तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच मला हवंय. "या मॉडेलवर अभ्यास झाला, म्हणून यात आहे." एवढं वाक्य कंपनीने यादीत लिहिलं असतं, तर मी ग्राहक सेवेला फोन लावलाच नसता. आणि अभ्यास कोणत्या मॉडेलवर करायचा हे कोण ठरवतं? कंपनीच ना? २०२४ मध्ये फीचर आणताना दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल चाचणीत न धरणं हा निसर्गनियम नाही, तो निर्णय आहे. निर्णय घेतला, तर तो आपला म्हणून सांगावा.

डोंगरवाट

+१. लाखो लोकांच्या हातात असलेलं मॉडेल चाचणीतून वगळायचं आणि मग "चाचणी नाही" म्हणून दार लावायचं, हे मला पटत नाही.

स्टेथो

मी डॉक्टर आहे, घड्याळांच्या भांडणात पडणार नव्हतो. पण मूळ पोस्टमधलं "आता बारा झाले" वाचून राहवलं नाही.

केतकीबन, घड्याळाची वाट बघू नका. झोपेत श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. तासाला असे अडथळे पाच ते पंधरा असतील तर सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. आम्ही ओपीडीत 'स्टॉप-बँग' नावाचे आठ हो-नाही प्रश्न विचारतो: जोरात घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला का, रक्तदाब, वजन, पन्नाशी उलटली का, गळ्याचा घेर, पुरुष का. तुमच्या वडिलांची चार उत्तरं तर मी इथे बसूनच 'हो' लिहिली. तीन किंवा जास्त 'हो' आली तर पुढची तपासणी करावी, पाच किंवा जास्त झाली तर धोका जास्त. आईंनी डोळ्यांनी पाहिलंय, ही नोंद कुठल्याही ॲक्सिलरोमीटरपेक्षा माझ्या दृष्टीने मोलाची.

आता घड्याळाचंही सांगतो. ॲपलच्या स्वतःच्या आकड्यांनुसार मध्यम किंवा तीव्र ॲप्निया असलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के त्यात पकडले जातात. ज्यांना तो आजार नाही त्यांना चुकीची सूचना जाण्याचं प्रमाण अगदी थोडं आहे. म्हणजे सूचना आली तर गांभीर्याने घ्या, पण आली नाही तर तिघांतला एक आजारी माणूस निसटलेला असू शकतो. रक्तदाबाच्या सूचनेत निसटणारे आणखी जास्त. शिवाय ती बावीस वर्षांखालच्यांना, गरोदर स्त्रियांना आणि आधीच बीपीचं निदान झालेल्यांना लागू नाही. बीपीची गोळी चालू असलेले बरेच पेशंट नव्या घड्याळाकडे याच फीचरसाठी बघतात, त्यांच्यासाठी ते बनवलेलंच नाही. त्यांनी दंडाला बांधायचा पट्टा असलेलं बीपीचं मशीन घ्यावं.

तरीही धागाकर्तीच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासात देशात ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला होता. यातले कितीतरी जण आयुष्यात कधी पट्टा बांधून घेत नाहीत. घड्याळाने हटकलं म्हणून माझ्याकडे आलेले पेशंट मी पाहिलेत. जुन्या घड्याळानेही हटकलं तर मला हवंच आहे, फक्त तपासून.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून लिहितोय. इथे युरोपीय संघाचा नियम २० जून २०२५ पासून लागू झालाय. स्मार्टफोन आणि टॅबची विक्री थांबल्यावरही पुढे किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट उपलब्ध ठेवावी लागतात. पण स्मार्टवॉच त्या नियमात नाही. मला ही मोठी फट वाटते, कारण आरोग्याच्या नावावर विकली जाते ती वस्तू घड्याळच. भारतात २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हाही शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही क्षेत्रं धरली होती. ग्राहक संघटनांनी घड्याळाचा विषय लावून धरायला हवा.

लोलक

कायद्याला माझा विरोध नाही, पण कायदा सुरक्षेच्या अपडेटची सक्ती करू शकतो, वैद्यकीय फीचरची नको. सक्ती झाली की कंपन्या वैद्यकीय मान्यतेच्या वाटेलाच जाणार नाहीत. 'वेलनेस' असं मोघम लेबल लावून आकडे दाखवतील आणि रानवाटांच्या टॉवेलसारखी गत होईल.

आणखी एक, जे कोणी लिहिलं नाही. झोपेची नोंद घ्यायची तर घड्याळ रात्री हातात हवं. ॲपलच्या सूचनेला तीस दिवसांत किमान दहा रात्रींच्या नोंदी लागतात. तीन वर्षांची बॅटरी "दिवसभर पुरते" म्हणजे रात्री घड्याळ चार्जरवर जातं. बाबांचं कुठे असतं?

केतकीबन

देव्हाऱ्याशेजारच्या प्लगवर. खरं आहे, रात्री ते हातात नसतंच. याचा मी विचार केला नव्हता.

तरी कारण लिहिण्याच्या मागणीवरून मी हटणार नाही. त्या यादीमुळे आम्ही पाच आठवडे घालवले. भाऊ म्हणत होता नवीन घेऊ, एक्स्चेंजमध्ये जुनं देऊ. बाबा म्हणत होते चालतंय ते कशाला टाकायचं. या घोळात डॉक्टरांकडे जायचं राहून गेलं. यात आमची चूक आहेच. पण "तुमच्या मॉडेलवर चाचणी झालेली नाही, लक्षणं असतील तर डॉक्टरांना भेटा" एवढं यादीत असतं, तर त्याच आठवड्यात गेलो असतो.

लोलक

हे वाक्य यादीत असावं, याला माझी पूर्ण सहमती. जुन्या मॉडेलला फीचर द्यावं, याला अजूनही नाही.

केतकीबन

अपडेट, विचारणाऱ्यांसाठी. बाबांची घरीच झोपेची तपासणी झाली. संध्याकाळी माणूस येऊन छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी आणि बोटाला चिमटा लावून गेला. बाबा कुरकुरले, पण झोपले. रिपोर्टमध्ये तासाला २७ अडथळे आलेत, म्हणजे मध्यम, पण तीव्रच्या जवळ. डॉक्टरांनी सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारं) सांगितलं, परवापासून भाड्याने आणलंय.

पहिल्या रात्री आई दोनदा उठून बसली. म्हणाली, घोरण्याचा आवाजच येईना म्हणून जाग आली, जवळ जाऊन छातीवर हात ठेवला तेव्हा बरं वाटलं.

मास्कचा वळ गालावर पडतोय आणि बाजूने हवा सुटतेय. कोणाला काही उपाय माहीत असेल तर सांगा.

स्टेथो

पट्टे बसून घट्ट करू नका. आडवं झोपून, मशीन चालू ठेवून, गालाची दोन्ही टोकं सारखी ओढून बघा. दाढीची खुंटं असतील तरी हवा सुटते. तरीही सुटली तर मास्कचा आकार बदलून मिळतो का, हे भाड्याने देणाऱ्याला लगेच विचारा. पहिले दोन आठवडे रोज लावणं महत्त्वाचं.